बगीच्याच्या जागेवर दुकानं, आणि नगरसेवक आपलाच भाऊबंद

पत्र (जागेअभावी थोडं आटोपशीर करून, नाव-गाव वगळून)

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी राहते. अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. आमच्या कॉलनीला लागून, नाल्याच्या काठी बगीच्यासाठी राखलेली जागा आहे. बगीचा कधी झालाच नाही, पण तिथे मोठमोठे निंब आहेत. मे महिन्यात दुपारी सगळी म्हातारी माणसं तिथेच बसतात, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी झोके बांधतात. आता पेपरात एक बारीक नोटीस आली आहे. बगीच्याचं आरक्षण बदलून तिथे व्यापारी संकुल करायचं, एका महिन्यात हरकती द्याव्यात, असं लिहिलंय. 12 दिवस तर गेलेसुद्धा. कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळे चिडलेत, पण सही करायला कुणी पुढे येत नाही. ठराव मांडणारे नगरसेवक आमच्या सासरचे भाऊबंद आहेत, कानबाई देवीच्या प्रसादाचे रोट आम्ही एकत्र खातो. सासूबाई म्हणतात, "आपले काय करनं शे?" (आपल्याला काय करायचंय?) माझ्या मिस्टरांचं किराणा दुकान आहे, त्यांना नगरपालिकेशी वाकडं नको आहे. चौकातले भाजीवाले आणि चहावाले म्हणतात, "मॅडम, आमची दुकानं होऊ देत नाही का?" मी मोर्चा काढावा, की गप्प बसावं? माझ्या नोकरीवर काही येईल का?

उत्तर

ताई,

मोर्चा आत्ता काढू नका. आणि गप्पही बसू नका. तुमच्या हाती साधारण पंधरवडा उरला आहे. एवढ्या दिवसांत नगरपालिकेच्या आवक खिडकीवर नीट लिहिलेल्या हरकती पडल्या पाहिजेत. बाकीचं सगळं त्यानंतर.

असं का म्हणतो ते सांगतो. तुमच्या वर्णनावरून ही नोटीस महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खालची दिसते. गावाची विकास योजना, म्हणजे आपण सगळे ज्याला डीपी म्हणतो ती, एकदा मंजूर झाली की नगरपालिकेला त्यातलं आरक्षण मनाला येईल तसं बदलता येत नाही. सभेत ठराव करावा लागतो, राजपत्रात आणि पेपरात नोटीस द्यावी लागते, महिनाभर हरकती-सूचना घ्याव्या लागतात, हरकत घेणाऱ्यांना सुनावणी द्यावी लागते. मग तो प्रस्ताव शासनाकडे जातो. शासन नगररचना संचालकांचा सल्ला घेतं आणि मंजुरी द्यायची की नाही ते ठरवतं. म्हणजे निर्णय तुमच्या नगरपालिकेत संपत नाही. मंत्रालयातला जो अधिकारी ती फाइल उघडेल त्याने तुमचं गाव पाहिलेलं नसेल, ते निंब पाहिलेले नसतील. त्याच्यासमोर जे कागद असतील तेवढंच त्याच्यासाठी तुमचं गाव. हरकती आल्याच नाहीत तर त्या फाइलीत एक ओळ पडते की विहित मुदतीत हरकती प्राप्त झाल्या नाहीत. ती ओळ पडली की पुढे कितीही मोठा मोर्चा निघाला तरी ती पुसायला फार कष्ट पडतात.

नोकरीचं आत्ताच सांगून टाकतो, कारण ती धास्ती मनात ठेवून तुम्हाला काही सुचणार नाही. कलम 37 मध्ये हरकत कोणत्याही व्यक्तीकडून मागवलेली आहे. नगरपालिकेने स्वतः जाहिरात देऊन लोकांना विचारलंय, आणि तुम्ही त्याला उत्तर देताय. ते तुम्ही रहिवासी म्हणून, घरच्या पत्त्यावरून, स्वतःच्या नावाने द्या. शाळेचं लेटरहेड, शाळेची वेळ, शाळेतली मुलं यांचा त्यात संबंध येऊ देऊ नका. कुठल्या पक्षाच्या व्यासपीठावर जाऊ नका, पेपरवाल्यांशी बोलायचं काम कॉलनीतल्या एखाद्या निवृत्त माणसाकडे द्या. एवढं सांभाळलंत तर हरकत दिली म्हणून तुमच्या नोकरीला धोका मला दिसत नाही.

आता पहिलं काम. येत्या सोमवारी दुपारी 3 वाजता नगरपालिकेत जा. 26 नोव्हेंबर 2018 चा राज्य शासनाचा निर्णय आहे की जिल्हा पातळीवरच्या आणि खालच्या कार्यालयांत, स्थानिक स्वराज्य संस्थांमध्येही, दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना दप्तर पाहू द्यायचं. हे फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. आपल्याकडे जो तो माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकायला धावतो. त्या अर्जाला उत्तर द्यायला 30 दिवस असतात, आणि तुमच्याकडे तेवढे दिवस नाहीत. अर्जही टाका, पण त्याच्यावर विसंबू नका. अर्ज करताना लक्षात ठेवा, महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे तो एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो. लांबलचक कैफियत लिहिली की तो त्याच कारणावरून अडतो.

सोमवारी पाहायचं काय? ठरावाची प्रत आणि त्या सभेचं इतिवृत्त. मंजूर डीपीचा नकाशा, त्यातला तुमच्या आरक्षणाचा क्रमांक आणि क्षेत्रफळ. जागेचा सात-बारा किंवा सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, कारण जागा बगीच्यासाठी आरक्षित असणं आणि ती नगरपालिकेच्या मालकीची असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागा अजून खासगी मालकाच्या नावावर असेल, तर कलम 127 ची गोष्ट येते. डीपी अंमलात येऊन 10 वर्षं झाली आणि जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नगरपालिकेला नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप जातं. अशी नोटीस आलेली आहे का, ते नक्की विचारा. आली असेल तर "संकुल नको" एवढं म्हणून भागणार नाही, "जागा ताबडतोब घ्या" अशी मागणी करावी लागेल. त्यात मालकावरही अन्याय होता कामा नये. त्याची जागा वर्षानुवर्षं अडकवून ठेवायची आणि पैसेही द्यायचे नाहीत, हेही बरोबर नाही.

तिसरीही शक्यता आहे. ती जागा डीपीतलं आरक्षण नसून तुमच्या कॉलनीच्या लेआउटमधली ओपन स्पेस असेल. एकर-सव्वा एकरापेक्षा मोठ्या लेआउटला साधारण 10 टक्के जागा रहिवाशांसाठी मोकळी सोडावी लागते. प्लॉट घेताना त्या मोकळ्या जागेची किंमत तुम्ही सगळ्यांनी प्लॉटच्या दरातूनच मोजलेली असते. तसं असेल तर मंजूर लेआउटची प्रत काढा. कॉलनीतल्या जुन्या माणसांच्या खरेदीखताच्या फायलीत ती सापडते, नगरपालिकेत सापडो न सापडो.

कागद सगळे मिळाले नाहीत म्हणून हरकत थांबवू नका. आहे त्या माहितीवर द्या आणि शेवटी लिहा की मागितलेली कागदपत्रं मिळाल्यावर पुरवणी हरकत देण्याचा हक्क राखून ठेवत आहोत. मुदत मोजताना राजपत्राची तारीख आणि पेपराची तारीख यातली जी आधीची असेल ती धरा. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. "साहेब आले की सही देतो, ठेवून जा" म्हणाले तर प्रत परत घ्या आणि स्पीड पोस्टाने पाठवा. पोस्टाची पावती कुणी नाकारू शकत नाही.

आता हरकतीत लिहायचं काय, याकडे येतो. इथे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण बहुतेक हरकती इथेच वाया जातात. "पर्यावरणाचा ऱ्हास होईल, तरी आमचा तीव्र विरोध आहे" हे वाक्य मी इतक्या अर्जांत वाचलंय की त्याचा आता कुणावर परिणाम होत नाही. नगररचनावाल्याला तुमच्यापेक्षा कायदा जास्त कळतो. तुम्हाला तुमची जागा त्याच्यापेक्षा जास्त कळते. तेच लिहा. जुलैत मोठा पाऊस झाला की नाल्याचं पाणी कुठपर्यंत चढतं? कोणाच्या ओट्याला लागतं? त्या मोकळ्या जागेत ते किती वेळ साचून राहतं आणि मग जिरतं? ती जागा भरून काँक्रीट केली तर ते पाणी कोणत्या गल्लीत वळेल? हे नकाशावर नसतं. तुमच्या कॉलनीतल्या सत्तरीच्या माणसांना हे वर्षासकट पाठ असतं. त्यांच्याकडून ऐका, लिहून घ्या, खाली त्यांची सही घ्या. भिंतीवर पाण्याची जुनी खूण असेल तर टेप लावून फोटो काढा.

हे किरकोळ वाटत असेल तर चाळीसगाव आठवा. 31 ऑगस्ट 2021 ला तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी बाजारपेठेत आणि घरांत शिरलं, आणि त्याच पावसात कन्नड घाटात दरड कोसळली. आपल्या खानदेशात वर्षातले आठ-नऊ महिने नाले कोरडे असतात. कोरडा नाला पाहिला की माणसाला ती रिकामी जागा वाटते. कुणी तिथे भराव टाकतं, कुणी पत्र्याचं शेड घालतं, मग नगरपालिकाच गाळे बांधते. पाऊस आपल्याकडे पडतो तेव्हा एकदम पडतो. सातपुड्याकडून किंवा अजिंठ्याच्या डोंगररांगेकडून येणारं पाणी दोन तासांत गावात पोचतं आणि त्याला पसरायला जागा लागते. तुमच्या बगीच्याची जागा नाल्याकाठी आहे, म्हणजे ती बगीचा नसतानाही पावसाळ्यात काम करतेच आहे. ही बाजू तुमच्या हरकतीत सगळ्यात वर असू द्या. सिटी सर्व्हेच्या जुन्या नकाशात नाल्याची रुंदी किती दाखवली आहे आणि आज जागेवर किती आहे, तेही मोजून लिहा.

दुसरा मुद्दा कायद्यातलाच आहे. कलम 37 खाली जो बदल करायचा, त्याने विकास योजनेचं मूळ स्वरूप बदलता कामा नये अशी अट आहे. तर विचारा की तुमच्या भागात डीपीत बगीच्याची आणखी किती आरक्षणं आहेत? त्यातली किती प्रत्यक्षात झाली? हे एकच असेल तर ते काढल्यावर त्या भागाला काय उरतं? बदल्यात दुसरी तेवढीच जागा कुठे दाखवली आहे? हे प्रश्न साधे आहेत, पण त्यांची लेखी उत्तरं द्यावी लागतात, आणि बऱ्याचदा उत्तर नसतं.

झाडांचं वेगळं. शहरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा राज्याचा कायदा आहे. झाड तोडायचं तर परवानगी लागते, जाहीर नोटीस द्यावी लागते, ती झाडावरही चिकटवावी लागते. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज झाड धरलं जातं आणि त्याला जास्त संरक्षण आहे. तुमच्या निंबांपैकी असे कोणते आहेत ते शोधा. छातीच्या उंचीवर घेर मोजा, झाडाला नंबर द्या, फोटो काढा, आणि ज्यांनी ते झाड लहानपणी पाहिलंय त्यांचं म्हणणं लिहून घ्या. आरक्षण बदलायची हरकत आणि झाडतोडीची हरकत या दोन वेगवेगळ्या प्रक्रिया आहेत. झाडाच्या नोटिशीची मुदत महिनाभराची नसते, फार थोडी असते, त्यामुळे रोज त्या झाडांवर नजर ठेवणारं कुणीतरी हवं. आणि सावलीचंही पाण्याइतकंच स्पष्ट लिहा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. दुपारी वीज गेली की ज्यांच्याकडे कूलर नाही, इन्व्हर्टर नाही, ती माणसं कुठे बसतात? त्यांची नावं लिहिता येतील एवढी तुमची ओळख आहे.

एकाच मजकुराच्या झेरॉक्सवर शंभर सह्या घेऊ नका. त्यापेक्षा वीस जणांनी आपापल्या शब्दांत, आपापल्या घराजवळचं लिहून दिलेलं मला मोलाचं वाटतं. आजीने सांगितलेलं नातवाने लिहावं आणि आजीने अंगठा द्यावा. हरकत छापील असावी असं कुठेही नाही.

आता सही द्यायला कुणी पुढे येत नाही त्याचं. लोक भितात हे खरं, पण सगळं भीतीपोटी नाही. सामाईक गोष्ट म्हणजे सरकारची गोष्ट, अशी आपली सवय झाली आहे. ही सवय खानदेशची मूळची नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेवर आणि शेजारी नाशिक जिल्ह्यात मोसम-आरमवर फडपद्धत शेकडो वर्षं चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सगळे मिळून एकच पीक घेणार, कोणत्या वर्षी कुठल्या फडात काय लावायचं ते सगळ्यांनी ठरवायचं, पाणी पाळीने. पाटाचं पाणी सोडायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, पिकं राखायला जागल्या. ही माणसं शेतकऱ्यांनीच नेमलेली, त्यांचा मोबदला शेतकरीच देत. पाट साफ करायला घरटी माणूस यायचा. कुणी जहागीरदार किंवा कलेक्टर रोज येऊन हे चालवत नव्हता. बोलून-भांडून, नियम करून लोकच चालवत होते.

त्यात मला सगळ्यात उपयोगी वाटतं ते कामाचं वाटप. पाटकऱ्याचं काम जागल्याला सांगत नसत. तुमच्या कॉलनीतही प्रत्येकाकडे सहीच मागितली म्हणून सगळे मागे सरले. सही हे सगळ्यात अवघड काम आहे, ते सगळ्यांना झेपणार नाही. ज्याला सही नको त्याने झाडं मोजावीत. कुणी सोमवारी नगरपालिकेत तुमच्यासोबत नुसतं उभं राहावं, एकट्या बाईला "उद्या या" म्हणणं सोपं असतं, तिघांना अवघड जातं. कुणी टायपिंग करावं. कुणी नोटीस लागते का ते पाहावं. कुणी जुने फोटो शोधावेत, आखाजीचे, झोक्यांचे, लग्नाच्या मांडवाचे. त्या फोटोंवर वर्ष असतं आणि मागे झाड असतं, आणि तो झाडाच्या वयाचा पुरावा होतो. काम केलेल्या माणसाला ती जागा आपली वाटू लागते. त्यातले काहीजण आठवड्याने स्वतःहून सही द्यायला येतील. सगळे येणार नाहीत, आणि नाही आले तरी त्यांच्यावर राग धरू नका.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी जंगल राखलं. पवारांना त्यासाठी 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तिथे दरवर्षी वनभाज्यांची स्पर्धा होते, बायका रानातल्या भाज्या रांधून आणतात, बाहेरची माणसं खायला येतात. जंगल वाचवायचं म्हणून तिथे फक्त बंदी आणि दंड नाहीत, आनंदाचं निमित्तही आहे. तुम्हीही त्या निंबाखाली एका रविवारी सगळ्यांना बोलवा. कळण्याची भाकरी आणि ठेचा असला तरी पुरे. भाषण ठेवू नका. मुलांना झाडं मोजायला लावा.

आता भाजीवाले आणि चहावाले. ताई, यांना तुम्ही विरोधक समजू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. ते गरिबीतून बोलताहेत आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. उन्हातान्हात हातगाडी लावून बसणाऱ्या माणसाला पक्कं दुकान हवंच असतं. पण त्या संकुलातला गाळा त्यांना मिळणार आहे का, हे त्यांना कुणी कागदावर सांगितलंय? गाळ्यांचा लिलाव होणार असेल तर अनामत किती, भाडं किती, राखीव गाळे किती, हे सोमवारी तुम्ही दप्तरात पाहा आणि त्यांना दाखवा. भरीताची वांगी विकणाऱ्या बाईला ती अनामत झेपेल का, ते ती एका नजरेत सांगेल. शिवाय फेरीवाल्यांसाठी 2014 चा केंद्राचा कायदा आहे. त्याखाली शहर फेरीवाला समिती लागते, तिच्यात किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडलेले असावे लागतात, आणि फेरीवाल्यांच्या जागा त्या समितीच्या सल्ल्याने ठरतात. तुमच्या गावात ती समिती आहे का, तिची बैठक कधी झाली, हे विचारा. तुमच्या हरकतीतच एक परिच्छेद असा घाला की फेरीवाल्यांना बाजाराजवळ हक्काची जागा द्यावी, आणि कुठली मोकळी जागा त्यासाठी योग्य आहे तेही सुचवा. त्यांच्यापैकी दोघांनी जरी खाली सही केली तर "कॉलनीवाल्या सुखी लोकांची तक्रार" असं तुमच्या अर्जाला कुणी म्हणू शकणार नाही. आणि त्यांचं काम झालं नाही, नुसता तुमचा बगीचा वाचला, तर मलाही ते अर्धंच काम वाटेल.

भाऊबंदकीचं मी टाळलेलं नाही, मुद्दाम शेवटाकडे ठेवलं. तुम्ही हरकत द्यायच्या आधी त्या नगरसेवकांच्या घरी जा. मिस्टर आले तर उत्तम, नाही तर सासूबाईंना घेऊन जा. त्या तुमच्या बाजूने बोलणार नाहीत, पण त्या बसलेल्या असल्या की आवाज चढत नाही. त्यांना सांगा की हा ठराव आम्हाला पटलेला नाही, मी हरकत देणार आहे, आणि हे तुम्हाला खिडकीवरून कळण्याआधी माझ्या तोंडून कळावं म्हणून आले. त्यांचंही ऐकून घ्या. नगरपालिकेला उत्पन्न हवं असतं, पगार भागवायचे असतात, हे त्यांचं दुखणं खोटं नसतं. गाळ्यांसाठी दुसरी जागा सुचवलीत तर त्यांना माघार घ्यायला वाट राहते. ठराव मांडणाऱ्यानेच पुढच्या सभेत दुरुस्ती मांडली तर त्यातही त्यांचाच मान राहतो, आणि तुम्ही तो त्यांना खुशाल घेऊ द्या. एक पथ्य पाळा. हरकतीत, ग्रुपवर, चौकात, कुठेही त्यांच्या हेतूवर बोट ठेवू नका. "कमिशन खाल्लं" असलं पुराव्याशिवाय एक वाक्य लिहिलंत की विषय बगीच्यावरून अब्रूवर जातो, आणि मग श्रावणात कानबाईच्या रोटाला तुमच्या घरचे ताठ बसतील. जागेबद्दल बोला, पाण्याबद्दल बोला, ठरावाच्या क्रमांकाबद्दल बोला. इतकं करूनही ते रागावले तर रागावू द्या. नात्यातला माणूस सत्तेत बसला म्हणून गावातल्या इतर बायकांपेक्षा तुमचा हक्क कमी होत नाही.

मिस्टरांना सही करायला लावू नका. दुकान त्यांचं आहे, परवान्याची काळजी त्यांना आहे, आणि ती मानून घेणं योग्य आहे. तुमची सही तुमची.

सुनावणीची नोटीस आली की तिघे-चौघे जा, आधी वाटून घ्या कोण काय बोलणार. पाण्यावर एकाने, झाडांवर एकाने, फेरीवाल्यांवर त्यांच्यातल्याच एकाने. पाच मिनिटांच्या वर कुणी बोलू नये. बोललेलं सगळं लेखीही द्या आणि पोच घ्या. सुनावणीचं इतिवृत्त नंतर मागा, तुम्ही बोललात ते त्यात आलंय का ते पाहा.

नगरपालिकेने तरीही प्रस्ताव पुढे रेटला, तर लगेच तुमच्या हरकतींच्या पोचेसह सगळा संच नगररचना विभागाच्या जिल्ह्याच्या कार्यालयाला आणि मंत्रालयात नगरविकास विभागाला पाठवा. ठराव बेकायदा आहे असं कागदांवरून दिसत असेल, तर 1965 च्या नगरपरिषद अधिनियमातल्या कलम 308 खाली त्याची अंमलबजावणी थांबवायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, तसा अर्ज करा. मोर्चा, धरणं, पेपरात बातम्या, हे सगळं तेव्हा. त्या वेळी लोक कशासाठी आलेत ते त्यांच्या हातातल्या कागदावरून सांगता येईल.

कोर्टाची पायरी आत्ताच डोळ्यांसमोर आणू नका, पण दार बंद नाही एवढं माहीत असू द्या. बंगळूरला एका लेआउटमध्ये बगीच्यासाठी राखलेली जागा खासगी नर्सिंग होमला दिली होती. रहिवासी कोर्टात गेले, आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. जागा तुमच्या मालकीची नाही तर तुम्हाला काय अधिकार, हा प्रश्न तिथेही विचारला गेला होता, आणि न्यायालयाने त्या भागात राहणाऱ्यांचा अधिकार मान्य केला. आपल्याला औरंगाबाद खंडपीठ आहे. नाल्यात भराव पडू लागला तर पुण्याला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ आहे, मात्र तिथे साधारण सहा महिन्यांच्या आत जावं लागतं, तेव्हा भरावाचा पहिला डंपर आला ती तारीख फोटोसकट जपून ठेवा. आरक्षणाच्या वादात कोर्टात मुदतीत हरकत दिली होती का, हा प्रश्न येऊ शकतो.

सोमवारी दप्तर पाहून आल्यावर ठरावाचा मजकूर आणि मालमत्ता पत्रक मला पाठवा. जागा आरक्षणातली की लेआउटमधली, हे त्यावरून ठरेल आणि हरकतीचा मसुदा त्याप्रमाणे बदलावा लागेल. तोवर झाडं मोजायला सुरुवात करा.